दिव्याला अकरा महिने, मला अर्धा तास

स्वयंपाकघरातला दिवा गेला तेव्हा नवा आणायला आमच्या ह्यांनी अकरा महिने घेतले. खोटं सांगत नाही, मधे कॅलेंडर बदललं. तोवर मी स्वयंपाक केला तो बाहेरच्या खोलीतून येईल तेवढ्या उजेडात, आणि मीठ घातलं ते अंदाजाने. दुसरा कुणी असता तर कोपऱ्यावरच्या दुकानातून एक दिवा घेऊन मोकळा झाला असता. हे गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "आधी मला सांगा, ह्या दिव्यात टोमॅटो कसा दिसतो?"

"लाल," दुकानदार म्हणाला.

हे हात हलवत परत आले. मग सात दुकानांतून सात दिवे आले, पसंत नसेल तर परत करायच्या बोलीवर. एकेक दिवा लावायचा, खाली बशीत टोमॅटो ठेवायचा, डोळे बारीक करून बघायचं आणि वहीत लिहायचं. चौथ्या दिव्यापर्यंत टोमॅटो मऊ पडला. मी दुसरा काढून दिला तर म्हणाले, "ह्याचा लाल वेगळा आहे," आणि पुन्हा पहिल्या दिव्यापासून सुरुवात. असे किती टोमॅटो विज्ञानाच्या कामी आले त्याची गणती नाही. शेवटी एकदाचा दिवा लागला आणि भिंतीवरचे तेलाचे डाग, फडताळाच्या कोपऱ्यातली जळमटं, माझ्या नखातलं पीठ, सगळं लख्ख दिसायला लागलं. मी दोन दिवस नुसती भिंत घासत होते. मला कुठे एवढं बघायचं होतं!

तर ह्या माणसाने मला मात्र अर्ध्या तासात पसंत केलं होतं. लग्नाचं जुळवायला दोन्ही घरची माणसं आमच्याकडे भेटली, चहा झाला, आणि पाहुणे जिना उतरत असतानाच हे आपल्या आईला म्हणाले, "माझा होकार आहे." सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या. ज्या मुलाने शाळेचे बूट निवडायला अख्खी सुट्टी घालवली होती, त्याला ताप तर नाही ना, म्हणून त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. ही गोष्ट त्या शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मी सत्तावीस वर्षांत ह्यांना हजारदा विचारलं असेल, "काय पाहिलंत हो माझ्यात?" उत्तर एकच: "असंच." जन्मात एक गोष्ट असंच न केलेला माणूस!

ह्यांचं काम कळलं की स्वभावाचा थोडा उलगडा होतो. आमचा कारखाना दवाखान्यांना लागणारी एक्स-रेची फिल्म बनवतो. हे तिथे देखभाल विभागात. जिथे उजेड कमी, किंवा मुळीच नाही, तिथे कुठला कॅमेरा लावायचा, त्यात सेन्सर कुठला, पुढे लेन्स कुठली, हे ठरवणं ह्यांच्याकडे. गोदामाच्या मागची बोळ, भट्टीचं पोट, पाण्याच्या टाकीखालचा बोगदा, अशा ठिकाणी ह्यांचं मन रमतं. कारखान्यात ह्यांना सगळे 'कंदील' म्हणतात, तोंडावर 'कंदीलसाहेब'. ह्यांना त्याचा राग नाही. उलट मला एकदा समजावून सांगितलं की कंदील वाऱ्यात विझत नाही, तेव्हा नाव ठेवणाऱ्याने विचार केलेला दिसतो.

कुणी काहीही विचारो, ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "नेमकं काय बघायचंय?" शेजारच्या काकूंनी एकदा सहज विचारलं की दारावर लावायला कॅमेरा कुठला बरा. झालं! हे खुर्ची ओढून बसले.

"नेमकं काय बघायचंय?"

"कोण आलंय ते."

"चेहरा ओळखायचाय, की माणूस आहे एवढंच कळलं तरी चालेल? उभा असेल की हलत? मागून ऊन येतं का? जिन्यात दिवा किती पावलांवर आहे?"

दोन तासांनी काकू उठल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या भावोजी, मी दारच उघडत जाईन."

घरातही तेच. मी चष्मा कुठे ठेवते ते मला कधीच आठवत नाही. एकदा तो तांदळाच्या डब्यात सापडला, एकदा फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी. तेव्हा ह्यांनी मागच्या वर्षी मला चष्म्याला लावून गळ्यात घालायची दोरी आणायचं मनावर घेतलं. चार महिने लागले. आठ-दहा दोऱ्या स्वयंपाकाच्या काट्यावर तोलल्या, धुऊन बघितल्या, स्वतःच्या गळ्यात घालून घरभर हिंडले. शेवटी एक काळी, तीन पेडांची, बारीक विणीची दोरी पसंत पडली. तिची लांबीसुद्धा मला ओट्यापुढे वाकायला लावून मोजली, चष्मा उकळत्या भांड्यात पडू नये म्हणून. "गळ्यात आहे हे जाणवताच कामा नये," हे म्हणाले. आणि खरंच, दोरी अशी की दुसऱ्या दिवशी मी ती गळ्यात असताना घरभर शोधत होते.

आता माझ्याबद्दल. माझी जागा त्याच कारखान्यात, पण अंधारखोलीत. फिल्म कापून आली की तिचे ताव तपासायचे, मोजायचे आणि काळ्या पाकिटात बंद करायचे. सगळं ठार अंधारात, कारण आमच्या फिल्मला लाल दिवासुद्धा सोसत नाही. पातळ सुती हातमोजे घालून तावाच्या कडेवरून बोट फिरवायचं आणि सांगायचं, हा बरा, हा वाया. बावीस वर्षं मी हे करतेय, आणि उगाच मोठेपणा नाही, पण माझ्या बोटाने बाद केलेला ताव यंत्राने कधी पास केला नाही.

अंधारखोलीची एक रीत आहे. तिथे ज्याचा त्याचा आवाज असतो. जागचं हलायचं तर आपला आवाज करत हलायचं, नाहीतर डोक्याला डोकं. एक जण शिट्टी घालतो, त्याचं नावच शिट्टी. एक बाई जिभेने टकटक करते, ती टकटकबाई. माझा आवाज म्हणजे, "येतेय, येतेय, सरका." आणि तिथलं सगळ्यात मोठं सुख असं की तोंड आपलं असतं. मॅनेजरसाहेब आत येऊन सूचना देतात, आपण गोड आवाजात "हो साहेब" म्हणायचं आणि जीभ बाहेर काढायची. शिट्टी तर वाकुल्या दाखवतो, दोन्ही हातांनी. मॅनेजर स्वतः मात्र काही आवाज न करता येतात. आम्हाला ते चोरपावलांनी येणं वाटतं, आणि म्हणूनच ते सारखे कुणाच्या तरी कोपरावर आपटतात.

अशा ह्या सुखात ओरखडे आले. फिल्मवर केसासारखी बारीक रेघ, हाताला लागत नाही, पण एक्स-रे धुतला की उमटते. एका दवाखान्यातून पत्र आलं की तुमच्या फिल्मवरच्या रेघेमुळे एका धडधाकट माणसाच्या पायाला प्लास्टर घालायची वेळ आली होती; तो स्वतःच्या पायांनी चालत आलाय हे कुणाच्या तरी ऐनवेळी लक्षात आलं म्हणून बरं. प्रत्येक पाकिटावर भरणाऱ्याचा क्रमांक असतो. ओरखड्यांची सगळी पाकिटं माझी निघाली.

मॅनेजरांनी मला बोलावलं. "महिनाअखेरपर्यंत कारण सापडलं नाही, तर तुम्हाला पॅकिंगला पाठवावं लागेल."

पॅकिंग म्हणजे पलीकडचं मोठं उजेडाचं दालन. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. काम वाईट नाही, तिथे माझ्या ओळखीच्या चांगल्या बायका आहेत. पण बावीस वर्षांनी तिथे जायचं म्हणजे, हिचे हात गेले, असं कपाळावर लिहून जायचं. आणि मला मॅनेजरांची भीती नव्हती. मला माझ्या बोटांची भीती वाटत होती, न कळत तीच ओरखडत असतील तर, अशी. माझ्या आईची बोटं ह्याच वयात बधिर व्हायला लागली होती. तिच्या हातून कप निसटायचे आणि ती म्हणायची, कपच गुळगुळीत आहेत. मी कुणापाशी बोलले नाही. ह्यांच्यापाशीही नाही. घरी जेवणं झाली की भांडी आवरताना ताटाच्या कडेवरून बोट फिरवून बघायची, कळतंय ना, कळतंय ना, म्हणून.

मॅनेजरांनी अंधारखोलीत कॅमेरा लावायचं ठरवलं, आणि तो निवडायचं काम अर्थातच कंदिलाकडे आलं.

"अहो, मला पकडायला तुम्ही कॅमेरा निवडणार?" मी विचारलं.

"तुला नाही. ओरखड्याला."

"आणि तो माझ्या हातून होत असेल तर?"

"तर दिसेल."

असा हा नवरा! त्या दिवशी रागाच्या भरात मी भाजीत मीठच घातलं नाही. ह्यांनी वहीत डोकं घालून जेवण संपवलं आणि म्हणाले, छान झालीय.

दुसऱ्या दिवसापासून विक्रेते यायला लागले. त्यातला एक फारच चकचकीत होता, बुटांपासून दातांपर्यंत. "साहेब, चार कोटी पिक्सेल!" तो म्हणाला.

"पिक्सेल केवढे?" ह्यांनी विचारलं.

"चार कोटी."

"किती नाही विचारलं. केवढे?"

विक्रेत्याने माहितीपत्रक मागून-पुढून पाहिलं. मग हे मला सांगतात तसंच त्याला सांगायला बसले. अंधारातला उजेड म्हणजे मूठभर पीठ. ते शंभर बारक्या डब्यांत वाटलं तर एकाही डब्यात हाताला काही लागत नाही. दहा मोठ्या डब्यांत वाटलं तर निदान चिमूटभर तरी निघतं. तेव्हा अंधाराला पिक्सेल थोडे पण मोठे हवेत. "आणि हा रंगीत आहे का?"

"एकदम रंगीत साहेब!"

"मग नको. रंगासाठी पुढे लावलेली चाळणी आहे तो उजेडही खाते. काळा-पांढरा दाखवा."

विक्रेत्याचे दात हळूहळू झाकले गेले. त्याच्या कॅमेऱ्याबरोबरचा इन्फ्रारेड दिवाही ह्यांनी नापास केला, कारण तो लागला की किंचित लालसर दिसायचा. ह्यांना पुढच्या पायरीचा हवा होता, डोळ्याला अजिबात न दिसणारा. पण त्या उजेडात सेन्सरलाही अर्धवटच दिसतं, म्हणून सेन्सर आणखी तरतरीत हवा, म्हणून लेन्सचं तोंड आणखी मोठं हवं. एक धागा ओढला की अख्खा स्वेटर हातात, असं ह्यांचं चाललं होतं. वही भरली. त्यातच एका डब्यात फिल्मचा ताव आणि तो दिवा एकत्र कोंडून ह्यांनी दिवसभर ठेवले, ताव काळवंडतो का ते बघायला. नाही काळवंडला. तेव्हा कुठे दिवा पास झाला.

मग आमची माणसं उखडली. जेवणाच्या सुट्टीत शिट्टी उभा राहिला. "कंदीलसाहेब, तोंड दिसणार असेल तर आम्ही आत पाऊल टाकणार नाही. अंधारात आमचं तोंड आमचं आहे."

"तोंड मला बघायचंच नाही," हे म्हणाले. "लेन्स अशी घेतो की एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत टेबल दिसेल, त्याच्यावर काही नाही. काय बघायचं नाही, हेही लेन्सच ठरवते."

आणि मग प्रत्येकाचं टेबल मोजलं, प्रत्येक जण वाकतो किती ते मोजलं. टकटकबाई वाकताना हसायला लागली म्हणून तिचं तीनदा मोजलं. दोन आठवडे गेले. इकडे महिना संपत चाललेला, माझा जीव टांगणीला, आणि हे फूटपट्टी घेऊन लोकांची कोपरं मोजतायत. मला वाटायचं, ओरडावं. एकदा ओरडलेही. हे म्हणाले, "घाईत निवडलेल्या कॅमेऱ्याला जे दिसेल ते खरं असेलच असं नाही."

ह्या वाक्याचा पडताळा लगेच आला. मॅनेजरांचा धीर सुटला. "कंदील, आजच्या आज काहीतरी लावा!" ठरवलेली लेन्स अजून यायची होती. ह्यांनी फाटकावरच्या कॅमेऱ्याची लेन्स काढून बसवली, सफाईसाठी दिवे लागले होते तेवढ्यात फोकस केला आणि दिवे मालवले. पडद्यावर आम्ही सगळे पिठाचे गोळे. साध्या लेन्समध्ये डोळ्याच्या उजेडाचा फोकस एकीकडे पडतो आणि इन्फ्रारेडचा दुसरीकडे. ही गोष्ट हे आमच्या दूधवाल्यालाही समजावून सांगून चुकलेत. आणि स्वतःच विसरले! त्या गोळ्यांत मॅनेजरांना माझ्या हाती काहीतरी चमकताना दिसलं. "अंगठी! अंगठी घालून काम करतात!" मला बाहेर बोलावलं. मी हातमोजे काढून दहाही बोटं त्यांच्यापुढे धरली. माझ्या बोटात आता अंगठी शिरतही नाही. चमकत होती ती मोजायची पट्टी.

बोटं पुढे धरून उभं राहताना मला फार लाजल्यासारखं झालं. हे पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, चूक माझी. मी घाई केली." ह्यांच्या तोंडून असलं वाक्य मी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

मग खरी लेन्स आली, मोठ्या तोंडाची आणि खास इन्फ्रारेडसाठी घडवलेली. ह्या वेळी फोकस अंधारातच केला, पडद्यावर बघून. हे घरी येऊन खुशीत सांगत होते, पडद्यावर आमच्या हातमोज्यांची वीणसुद्धा मोजता येते. गंमत म्हणजे आमचे गडद निळे एप्रन बर्फासारखे पांढरे दिसतात. "कापडाच्या रंगाला इन्फ्रारेड जुमानत नाही. केसांच्या काही रंगांनाही नाही. साहेब आज तपासायला आत गेले, टेबलावर वाकले आणि डोकं एकदम कापूस."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. मॅनेजरांचे केस कोळशासारखे काळे आहेत, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! मी हसून हसून भिंतीला टेकले. हे मात्र गंभीर. "हसतेस काय? ही तांत्रिक माहिती आहे." ही तांत्रिक माहिती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही झाली होती. कुणाकडून, ते मी सांगणार नाही.

पण हसून काय होणार? चार दिवस कॅमेऱ्याने माझे हात पाहिले, आणि हातांत काही खोट नव्हती. तरी ओरखडे येतच होते. महिना संपायला तीन दिवस उरले. ह्यांनी खराब ताव मागवून घेतले, त्यांचे क्रमांक एकाखाली एक मांडले आणि सकाळभर बघत बसले. ओरखडे फक्त गठ्ठ्याच्या सगळ्यात वरच्या पाच-सहा तावांवर येत होते. "मोठ्या तोंडाच्या लेन्सला उजेड भरपूर मिळतो, पण ती एकच पातळ थर नीट बघते," ह्यांनी मला सांगितलं. "तिच्या वरचं-खालचं सगळं धूसर. मी फोकस टेबलावर ठेवला, कारण सगळ्यांचा संशय हातांवर होता. बघायला हवं गठ्ठ्याच्या डोक्यावर, वीतभर वर."

त्या संध्याकाळी हे घरी आले ते वही न उघडता बसले. चहा गार झाला. माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ.

"सापडलं?" मी विचारलं.

"सापडलं. उद्या साहेबांच्या खोलीत दाखवेन, सगळ्यांसमोर. आधी घरी सांगितलं तर बरं दिसणार नाही."

झालं, मी समजले. बोटं गेली. मी ताट धुतलं, पुसलं, आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या खोलीत मॅनेजर, आमच्या लोकांतर्फे शिट्टी, हे आणि मी. ह्यांनी पडदा लावला. पांढरा एप्रन, गठ्ठ्यावरचा ताव, दोन हात. हात पलीकडचं पाकीट घ्यायला लांब जातात, अंग वाकतं, आणि वरून एका पांढऱ्या दोरीला लोंबणारा चष्मा हळूच खाली येतो. त्याच्या काडीचं टोक तावावर टेकतं आणि अलगद, अगदी प्रेमाने म्हणावं तसं, एक रेघ ओढून वर जातं.

"कोण आहे ही बाई?" मॅनेजर ओरडले. "चेहरा कुठाय?"

"चेहरा घ्यायचा नाही असं ठरलंय," हे म्हणाले.

"दोरी पांढरी आहे. पांढरी दोरी कुणाची?"

"आमच्यात कुणाचीच नाही साहेब," शिट्टी म्हणाला.

आणि मला, सांगायला लाज वाटते, इतकं हायसं वाटलं! माझी दोरी काळी. म्हणजे मी नव्हे. टेबल माझं असेल, पण मधे दुसरी कुणी येऊन जात असणार. टकटकबाईच असेल, तिचं कशात लक्ष नसतं. माझ्या डोळ्यांपुढे टकटकबाई पॅकिंगला जातानासुद्धा दिसली.

हे उठून उभे राहिले. "ही दोरी काळी आहे. इन्फ्रारेडमध्ये पांढरी दिसते, एप्रनसारखीच. वीण बघा, तीन पेडांची. ही आमच्या घरातली आहे. मी चार महिने बघून निवडली."

माझा हात आपोआप गळ्याशी गेला. चष्मा तिथेच होता. हजेरीच्या वहीत सही करायला तो रोज लागतो. पूर्वी सही झाली की मी तो काढून बाहेरच्या कप्प्यात ठेवायची. दोरी आल्यापासून नाकावरून सोडून द्यायची आणि विसरायची. गळ्यात आहे हे जाणवताच कामा नये, अशीच तर ती निवडली होती.

ह्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला लागले. "कारण: दोरीची लांबी. ती घरच्या ओट्यापुढे मोजली. कारखान्यातलं टेबल ओट्यापेक्षा चार बोटं उंच आहे, आणि त्यावर गठ्ठा. दोरी घालणारी व्यक्ती दिवसभर कुठे वाकते, हे निवडणाऱ्याने विचारलं नाही. दोष: निवडणाऱ्याचा. हातांची तपासणी चार दिवस केली. हात निर्दोष आहेत." मग कागदावरून डोळे न काढता तेच पुन्हा वाचलं. "हात निर्दोष आहेत."

मला रडू फुटलं. मॅनेजरांपुढे, शिट्टीपुढे, भर उजेडात, जिथे तोंड लपवायला जागा नाही.

मॅनेजर गोंधळले. "पण... काळ्याचं पांढरं कसं दिसेल? ह्याला पुरावा काय?"

"दिसतं साहेब," शिट्टी अदबीने म्हणाला आणि त्याची नजर वर, मॅनेजरांच्या केसांपर्यंत गेली, तिथे क्षणभर थांबली आणि परत आली. "आम्ही ऐकलंय."

मॅनेजरांनी डोक्यावरून हात फिरवला आणि मग ते प्रकरण भलत्याच वेगाने मिटलं. मी अंधारखोलीतच राहायचं. दारावरच्या मनाईच्या पाटीवर अंगठी, बांगडी, घड्याळ, किल्ल्या, या यादीच्या खाली 'चष्मा' लिहायचं. आणि कॅमेरा? "जे बघायचं होतं ते बघून झालं," हे म्हणाले आणि त्याच दुपारी स्वतः काढून घेऊन आले. शिट्टीने त्या आनंदात किती वाकुल्या दाखवल्या असतील, अंधारालाच माहीत.

घरी आल्यावर मी ह्यांना धरलं. रडू ओसरलं होतं आणि राग वर आला होता. "सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती? दोरी पांढरी दिसत होती, कुणाला कळलं नसतं. घरी येऊन मला सांगितलं असतं, मी चष्मा बाहेर ठेवला असता, ओरखडे आपोआप थांबले असते!"

"थांबले असते. पण तुझ्या हातांवरचा संशय राहिला असता."

"लोकांचा राहिला तर राहिला."

"लोकांचा नाही. तुझा." हे वही टेबलावर नीट, कडेला कड लावून ठेवत होते. "महिनाभर रोज ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होतीस."

मला वाटत होतं, हे वहीत बघतायत.

थोड्या वेळाने हे म्हणाले, "आता नवी दोरी बघायला हवी. ओटा आणि टेबल, दोन्हीला चालणारी."

"म्हणजे आणखी चार महिने."

"जास्तच. ह्या वेळी दोन उंच्या आहेत."

मला हसू आलं, आणि हसता हसता तोच जुना प्रश्न तोंडातून गेला. "एवढं सगळं बघता, मोजता. मग मला कसं हो अर्ध्या तासात पसंत केलंत?"

मी उत्तराची वाट न बघता भांड्यांकडे वळले होते, कारण उत्तर मला पाठ होतं. पण हे म्हणाले, "त्या दिवशी तुमच्याकडे दिवे गेले होते."

गेले होते खरे. मी विसरूनही गेले होते.

"सगळे जागच्या जागी बसून ओरडत होते. कुणी काडेपेटी मागतंय, कुणी म्हणतंय हलू नका. आणि आतून तू एकटी चालत आलीस, हातात सात कपांचा ट्रे. 'येतेय, येतेय, सरका.' सगळ्यांना चहा दिलास. एक थेंब सांडला नाही. मग दिवे आले." ह्यांनी वही आणखी थोडी सरळ केली. "पण तोवर मला बघायचं होतं ते बघून झालं होतं."

सत्तावीस वर्षं हे पोटात ठेवून माणूस 'असंच' म्हणत होता. मी ह्यांच्याकडे पाठ केली आणि धुतलेलंच ताट पुन्हा धुवायला घेतलं. अंधारखोलीत असते तर माझं तोंड माझंच राहिलं असतं. पण स्वयंपाकघरात तो अकरा महिने बघून निवडलेला दिवा चालू होता, समोर खिडकीची काच होती, आणि तिच्यात माझा चेहरा ह्यांना अगदी स्पष्ट दिसत होता.